दर दोन तासांनी वजन

१

"ससा आजारी पडला तर सांगत नाही," प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि काटेसाहेबांच्या प्रवासाचा तिथेच विचका झाला. "कुत्रं विव्हळतं, मांजर कोपरा धरतं. ससा मात्र शेवटपर्यंत गवत चघळत बसतो. काही बिनसलंय हे वजनावरूनच कळतं. लांबचा प्रवास आहे ना? मग दर दोन तासांनी गाडी थांबवा आणि तिघांचंही वजन करा. एक दशांशाहून जास्त उतरलं तर तसेच पुढे जाऊ नका, डॉक्टर गाठा."

दुसरा कुणी असता तर हो हो म्हणून विसरून गेला असता. पण बाईंनी हे सांगितलं कुणाला? वजनमापं तपासणाऱ्या साहेबाला! बावीस वर्षं दुकानादुकानांतून काटे तपासत आणि खोटी वजनं जप्त करत फिरणाऱ्या ज्या माणसाला बाजाराने काटेसाहेब हे नाव बहाल केलं होतं, त्याला. त्यांनी त्याच संध्याकाळी वहीत तक्ता आखला. वेळ, ससा, वजन, फरक.

"झालं," बायको म्हणाली. "आता सहाशे किलोमीटर आम्ही सशांची जत्रा काढणार."

बदलीचं सामान ट्रकने आदल्या दिवशीच गेलं होतं. ट्रकवाल्याने ससे बघून सरळ हात जोडले. रेल्वेच्या खिडकीतला माणूस तर हसलाच. कुणाला देऊन टाकावेत म्हटलं तर मुंगी होती. मुंगी म्हणजे काटेसाहेबांची सात वर्षांची लेक. मागच्या वर्षी दोन महिने तापाने फणफणली आणि अंगावरचं सगळं मांस उतरलं. खायचं नाव काढलं की तोंड फिरवायची. मग शेजारच्यांनी तीन ससे आणून दिले, आणि ते खायला लागले की त्यांच्या बरोबरीने हीही दोन घास खाऊ लागली. तेव्हापासून काटेसाहेब दर रविवारी आंघोळ झाली की तिला काट्यावर उभं करत. "वजन वाढू दे, बाकीचं आपोआप होईल," असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. गेल्या रविवारी एकोणीस किलो भरली तेव्हा बायको स्वयंपाकघरात जाऊन रडून आली होती. त्यामुळे ससे न्यायचे की नाही, हा प्रश्नच नव्हता.

सकाळी साडेसहाला पहिली नोंद झाली. ढब्बू दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम, पिंजारी एक किलो नऊशे, आणि आजोबा म्हणजे राखाडी म्हातारा, दोन किलो दहा.

"झालं का काटेसाहेब? की माझंही करताय?" बायको गाडीतून ओरडली.

"तुझं नको. काट्याला मर्यादा आहे," काटेसाहेब म्हणाले, आणि पुढचे वीस किलोमीटर त्याची किंमत मोजत राहिले.

२

गाडीत जागा ठरलेल्या होत्या. पुढे नवराबायको, बायकोच्या मागे मुंगी, मधे पट्टा लावून बांधलेली सशांची टोपली. काटेसाहेबांच्या मागची सीट रिकामी. तिथे गवताची पिशवी ठेवायची होती, पण सशाची लव किंवा गवताची भुकटी नाकात गेली की बायकोच्या शिंका थांबत नसत. म्हणून पिशवी डिकीत गेली. सशांना तर तिने आजवर बोटही लावलं नव्हतं.

शहर सुटलं, रस्ता मोकळा झाला आणि गजर वाजायला लागला. टुंग टुंग टुंग.

"मुंगे, बेल्ट काढलास?"

"नाही बाबा. हा काय, लावलाय."

"टोपलीचा?"

"तो पण आहे."

स्टिअरिंगच्या मागे पाच सीटांची पाच इवलाली चित्रं होती. बेल्ट लावला की हिरवं. माणूस बसला आणि बेल्ट नाही तर लाल. रिकामी सीट असेल तर करडं. काटेसाहेबांच्या मागच्या सीटचं चित्र लालभडक झालं होतं.

"सेन्सर बिघडला," काटेसाहेब म्हणाले.

"गेल्याच महिन्यात सर्व्हिसिंगला दिली होती ना? एवढे पैसे घेतात आणि..."

"मी करून आणली का सर्व्हिसिंग?"

"मग कोणी? मी?"

टुंग टुंग टुंग. मुंगीने कानात बोटं घातली. काटेसाहेबांनी वैतागून गाडी कडेला घेतली, उतरून मागचं दार उघडलं. सीटवर काही नव्हतं. बिस्किटाचा चुरा नाही, खेळणं नाही, काही नाही. त्यांनी सीटवरून हात फिरवला. सीट कोमट होती. ऊन पलीकडच्या बाजूने येत होतं, पण डोक्यात तो गजर ठणठणत असताना ऊन कुठून येतंय याचा हिशेब कोण करतो?

सगळे जे करतात तेच त्यांनी केलं. रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला आणि खट्कन लावून टाकला.

"घ्या. लावला तुमचा पट्टा," ते सीटला म्हणाले. "बसा आता, आणि गप्प बसा!"

मुंगी खुदकन हसली. गजर थांबला.

३

साडेआठला वाटेतलं पहिलं वजन. रस्त्याकडेच्या कठड्यावर काटा ठेवला, वारा लागू नये म्हणून बायकोला आडोशाला उभं केलं. ती बिचारी नाकाला रुमाल लावून उभी राहिली आणि जाणारा प्रत्येक ट्रकवाला वळून वळून बघत गेला.

ढब्बू वीस ग्रॅमने कमी, पिंजारी तीसने, आजोबा वीसने. प्रवासात एवढं उतरायचंच. काटेसाहेबांनी नोंदलं आणि समाधानाने वही मिटली.

"बाबा, हे तिघं माझ्याच बाजूला का बसतात?" मुंगीने विचारलं.

खरंच, टोपलीत चांगली ऐसपैस जागा होती. पण तिघेही मुंगीच्या बाजूच्या भिंतीला चिकटून एकमेकांवर चढून बसले होते. रिकाम्या सीटकडची अर्धी टोपली मोकळी होती.

"तू लाडावून ठेवलंयस म्हणून," बायको म्हणाली.

टोपली परत मधे ठेवताना काटेसाहेबांचं लक्ष रिकाम्या सीटच्या बेल्टकडे गेलं. माणूस नसला की बेल्ट पाठीला चपटा बसतो. हा चार बोटं पुढे होता. त्यांनी तो बोटाने मागे दाबला. गेला नाही. गुंडाळी अडकली असणार आतली. अशा वस्तू अडकतातच, आणि नेमक्या प्रवासाच्या दिवशी अडकतात. त्यांनी दार जरा जोरातच लावलं.

४

दहाच्या सुमाराला गजर पुन्हा सुरू झाला. चित्र पुन्हा लाल.

"मुंगे! तो बेल्ट कशाला काढलास?"

"मी नाही काढला."

"मग काय सशांनी काढला?"

"मी नाही काढला बाबा! माझा हात तरी पोचतो का तिथे?"

मुंगीने भोकाड पसरलं. तिच्या आईचा पारा चढला. "ओरडताय कशाला पोरीवर? स्वतःची गाडी नीट ठेवता येत नाही आणि!" काटेसाहेबांचं डोकं उठलं. दोन किलोमीटरवर गॅरेज दिसलं तसं त्यांनी गाडी आत घातली.

मेकॅनिक वयस्क होता आणि कसलीही घाई नसलेला. त्याने सीटखाली हात घालून वायरी चाचपल्या, काहीतरी काढलं, परत बसवलं, तोंडातली काडी इकडून तिकडे फिरवली.

"सेन्सर चोख आहे," तो म्हणाला.

"चोख कसा असेल? रिकाम्या सीटवर वाजतोय!"

"साहेब, बारा-पंधरा किलोच्या खाली हा हूं की चूं करत नाही. पिशवी ठेवा, वाजणार नाही. मांजर ठेवा, वाजणार नाही. माणूसच लागतो." त्याने तळव्याने सीट दाबली. मग हात काढून घेऊन तो सीटकडे बघत राहिला. "कोण बसतं इथे नेहमी?"

"कुणी नाही. आम्ही तिघंच तर आहोत."

"गादी तर चांगली बसलीय," मेकॅनिक म्हणाला. मग त्याने स्वतःच बेल्ट ओढून खट्कन लावला, फडक्याने हात पुसले, आणि पैसे विचारले तर नको म्हणाला. काटेसाहेबांना फुकट गोष्टींचा मनस्वी संशय. पण गजर बंद होता आणि मुंगीचे हुंदकेही थांबले होते. ते मुकाट्याने निघाले.

या खोळंब्यात साडेदहाचं वजन राहून गेलं. तक्त्यातली ती रिकामी ओळ त्यांना पुढे तासभर टोचत राहिली.

५

साडेबाराला एका खानावळीच्या आवारात झाडाखाली गाडी लावली. बायको आणि मुंगी आत जाऊन बसल्या. काटेसाहेबांनी डिकीच्या कडेवर काटा मांडला आणि ढब्बूला टोपलीतून काढला.

काट्यावर ठेवण्याआधीच त्यांच्या हातांना ते कळलं. हे हात पिशवी उचलून पन्नास ग्रॅमचा घोळ सांगणारे. बाजारातले भलेभले व्यापारी या हातांना टरकून होते.

एक किलो साठ ग्रॅम.

त्यांनी काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवलं. एक किलो साठ. पिंजारी सातशे ऐंशी. आजोबा नऊशे दहा. पण ढब्बू तसाच ढब्बू होता. गालफडं तीच, पोट तेच, मांडीवर घेतलं तर मांडी भरत होती. पिंजारी शांतपणे गवत चघळत होता. कुणी रोडावलं नव्हतं, कुणी सुस्तावलं नव्हतं. नुसतं वजन गेलं होतं.

काटा बिघडला! दुसरं काय असणार? उन्हात तापला, खड्ड्यांत आदळला. काटेसाहेबांनी डिकीतून मखमली अस्तराची लाकडी पेटी काढली. तिच्यात सरकारी पितळी वजनं होती, वर्षाला एकदा तपासून शिक्का मारलेली. एक किलोचं ठेवलं. काटा म्हणाला, एक किलो. पाचशेचं ठेवलं. पाचशे. दोन किलोचं ठेवलं, दोन किलो, एका ग्रॅमचाही फरक नाही. हाताच्या काकणाला आरसा कशाला? काटा खरा होता.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"सहा तासांत निम्मं? शक्यच नाही," बाई म्हणाल्या. "तुमचा काटा तपासून घ्या."

बावीस वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

"तपासलाय!" ते ओरडले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "इथून जवळचा डॉक्टर कुठे मिळेल?" बाईंनी शोधून सांगितलं. पुढच्या गावात, दीड तासावर. मागे फिरायचं तर पाच तास.

ते जेवणाच्या टेबलाशी गेले तेव्हा बायको मुंगीला भरवत होती. "बघा ना, तुमची लेक काही खाईना. भूकच नाही म्हणते."

"सशांचं वजन निम्म्यावर आलंय."

"त्या काट्याला घाला चुलीत! पोरगी उपाशी आहे इथे, आणि यांना सशांची पडलीय." तिने डोळे मिटून एक श्वास घेतला. "बसा, दोन घास खा. उपाशीपोटी तुमचं डोकं चालत नाही, हे लग्नानंतर आठवड्यात कळलंय मला."

काटेसाहेब बसले. तिचं म्हणणंही बरोबरच होतं. मुंगीची बशी तशीच होती, आणि मुंगी खुर्चीवर पाय हलवत, छान टवटवीत चेहऱ्याने झाडाखालच्या गाडीकडे बघत होती.

६

पुढच्या गावचा डॉक्टर गाठायचा म्हणून काटेसाहेबांनी गाडी जरा पळवलीच. बायकोने सीट मागे घेऊन डोळे मिटले. ऊन रस्त्यावर चकाकत होतं. सगळीकडे शांत होतं. एवढी शांतता सकाळपासून लाभली नव्हती, आणि तरी काटेसाहेबांना मान मोकळी करावीशी वाटेना. पाठीला गाडीची सीट मागून कुणीतरी गुडघे टेकल्यासारखी लागत होती. दोनदा त्यांनी सरकून बघितलं. सीटचंच काहीतरी असेल. एवढ्या वर्षांची गाडी, स्प्रिंगा थोड्याच नव्या राहणार आहेत.

मुंगी सशांशी गप्पा मारत होती. "आजोबा, आता आलंच हं घर. पिंजाऱ्या, तू रे का थरथरतोयस?"

बायकोने डोळे उघडून मागे वळून पाहिलं. "मुंगे! बेल्ट कुठाय तुझा? गुडघ्यांवर काय बसलीस?"

"मी कधीचा काढलाय. जेवून आल्यापासून."

"कधीचा? आणि तुम्ही काय करत होतात हो? वाजलं नाही ते?" मग ती स्वतःच म्हणाली, "बरं झालं बाई, एकदाचं ते पिरपिरं बंद पडलं."

काटेसाहेबांनी खाली चित्रांकडे पाहिलं. बायकोचं हिरवं. टोपलीचं हिरवं. त्यांच्या मागचं हिरवं. मुंगीचं करडं होतं.

त्यांनी आरशात पाहिलं. मुंगी तर होती. केस विस्कटलेले, गालाला गवताची काडी चिकटलेली.

"मुंगे, नीट बस. टेकून."

ती टेकून बसली. चित्र करडंच.

"पाय वर घेऊन बस."

तिने पाय वर घेतले.

"जरा बसल्या बसल्या उड्या मार बघू."

"अहो, हे काय चाललंय तुमचं?" बायको म्हणाली. "पोरीला शिस्त लावायची सोडून..."

मुंगीला केवढा आनंद झाला. बाबांनी गाडीत उड्या मारायला सांगणं ही रोजची गोष्ट नव्हे. ती सीटवर आपटून आपटून उड्या मारायला लागली. चित्र करडं होतं. गजर गप्प होता. आणि सीटच्या स्प्रिंगा, ज्या एरवी तिच्या नुसत्या कूस बदलण्याने कुरकुरायच्या, त्याही गप्प होत्या.

"बाबा," मुंगी हसत म्हणाली, "बघ ना, आवाजच येत नाही."

७

गाडी कशी थांबली ते काटेसाहेबांना कळलं नाही. ते पलीकडून धावत जाऊन मागचं दार उघडत होते आणि बायको "अहो, झालंय काय? अहो!" म्हणत होती. त्यांनी मुंगीच्या काखांत हात घातले. तिचं वजन त्यांच्या हातांना पाठ होतं, तेवढाच जोर त्यांनी लावला. भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तशी ती वर आली, पार त्यांच्या डोक्याच्याही वर. मुंगी खिदळली.

"परत कर, बाबा!"

त्यांनी तिला छातीशी धरलं. अंग गरम होतं. श्वास मानेवर लागत होता. सगळी मुंगी होती. ते तिला घेऊन रस्त्याने चालू लागले.

"उन्हातान्हात कुठे निघालात पोरीला घेऊन?" बायकोच्या तोंडाचा पट्टा सुटला. "गाडी चालू टाकून? वेड लागलंय का तुम्हाला? सकाळपासून बघतेय मी, वजन काय, बेल्ट काय! थांबा म्हणते ना!"

"आई, माझे ससे!" मुंगी खांद्यावरून ओरडली.

"आता ससे पण मीच आणू? शिंकून शिंकून मरेन मी!" असं म्हणत का होईना तिने टोपलीचा पट्टा सोडवला. दोन्ही हातांनी कडी धरून, दात आवळून टोपली उचलली.

मग तिचं बोलणं थांबलं.

काटेसाहेबांनी वळून पाहिलं. बायको गाडीच्या दाराशी उभी होती. टोपली तिच्या एका बोटाला लटकत होती आणि वाऱ्याने हलत होती. आत तीन ससे होते, तिघांचे कान दिसत होते. ती टोपलीकडे बघत होती. मग तिने गाडीत, रिकाम्या सीटकडे पाहिलं. काय पाहिलं ते तिने पुढे कधी सांगितलं नाही, आणि काटेसाहेबांनी विचारलंही नाही. तिने दार लावलं नाही, पर्स घेतली नाही. ती पाठ न वळवता सात-आठ पावलं मागे मागे आली आणि मग पळत त्यांच्यापाशी आली.

काटेसाहेबांना लांबून एवढंच दिसलं की गाडी कलली होती. दारं सताड उघडी, आत कुणी नाही, रस्ता अगदी सपाट. आणि ड्रायव्हरमागची बाजू चाक मडगार्डात रुतेपर्यंत खाली दबलेली होती. भरलेला ट्रक काट्यावर चढताना त्यांनी हजारदा पाहिला होता. एवढं दबायला किती लागतं याचा अंदाज डोक्यात आपोआप यायला लागला, आणि त्यांनी तो येऊ दिला नाही.

"चला," बायको म्हणाली. वैताग नाही, टोमणा नाही. तिचा असा आवाज त्यांनी मुंगीच्या तापातसुद्धा ऐकला नव्हता.

दोघं चालू लागले. गाव तीन किलोमीटर असल्याची पाटी गेली. काही वेळाने मुंगीने मान टाकली.

"बाबा, झोप येतेय."

"झोप."

झोपलेलं मूल जड होतं. हे कुठल्याही आईबापाला शिकवावं लागत नाही, त्याला काटा लागत नाही. जागं असताना दोन कोस नेता येतं, पण झोपलं की शंभर पावलांत खांदा बोलायला लागतो. काटेसाहेब पावलं टाकत होते आणि खांद्याकडे लक्ष देत होते. मुंगीचा श्वास संथ झाला. तिची मूठ सुटली, हात त्यांच्या पाठीवर लोंबकळायला लागला. ती गाढ झोपली होती.

बायको त्यांच्या अगदी लगत चालत होती. एका हाताने तिने मुंगीचा पाय धरून ठेवला होता, घट्ट, वारा सुटला की जास्तच घट्ट.

"हात भरून आला असेल तुमचा," ती म्हणाली.

ते चालत राहिले. ऊन उतरायला लागलं होतं. आणखी एक वळण गेलं, आणखी एक पाटी.

"आता?" तिने विचारलं. "थोडासा तरी?"

काटेसाहेबांनी मुंगीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग थोडं थांबले, डोळे मिटले आणि नीट लक्ष देऊन पाहिलं.

"अजून नाही," ते म्हणाले.